आधी परवाना, मग पत्रिका : सीमाभागातील लॉन, मंगल कार्यालय आणि फार्महाऊस चालकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागांत लॉन, मंगल कार्यालये, फार्महाऊस व रिसॉर्ट चालवणारे मालक, तसेच तिथे कार्यक्रम घेणारे आयोजक आणि केटरर मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की तुमच्या तारखांच्या वह्या भरू लागतात. लग्ने, हळदीच्या रात्री, डीलर मीट, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, नाताळ आणि ३१ डिसेंबर. यातल्या बऱ्याच कार्यक्रमांत दारूचा काउंटर असतो. जेवणाचा मेन्यू, मांडव, लाईट, डीजे यांची बोलणी दोन-दोन महिने आधी होतात आणि दारूच्या परवान्याचा विषय निघतो तो मांडवाचे खांब रोवल्यावर. तोवर पत्रिका वाटलेल्या असतात, तिकिटे विकलेली असतात, माल कुठून आणायचा तेही कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेले असते. मग अर्ज त्या ठरलेल्या गोष्टींवर बसवायची धडपड सुरू होते, आणि तो बसत नाही.

कार्यक्रमांच्या काउंटरची मांडणी, अर्जाची कागदपत्रे आणि मालाचा हिशेब हे आमचे रोजचे काम आहे. त्यातून तुम्हाला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. जागा, तारीख, वेळ, माल आणि जबाबदार माणूस, या पाच गोष्टी परवान्याचा कागद बांधून टाकतो. कागदावर जे लिहिले तेच जागेवर दिसले पाहिजे. म्हणून तो कागद सगळ्यांत आधी.

आपल्याकडे लागू आहे तो कर्नाटक अबकारी कायदा, १९६५, आणि त्याखालचे देशी-विदेशी मद्यविक्रीचे १९६८ चे नियम. या नियमांत दुकान, बार, क्लब, लॉजिंग अशा प्रत्येक प्रकाराला सीएल क्रमांक आहे. वाईन शॉपचा सीएल-२, क्लबचा सीएल-४, लॉजिंगसह चालणाऱ्या हॉटेलचा सीएल-७, बार अँड रेस्टॉरंटचा सीएल-९. तात्पुरत्या कार्यक्रमासाठी असतो तो सीएल-५, म्हणजे प्रासंगिक परवाना. कन्नड कागदावर तो ‘सांदर्भिक सन्नदु’ या नावाने दिसेल. ‘सन्नदु’ म्हणजे आपली सनदच. हा परवाना ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक दिवसासाठी असतो. तो अबकारी उपायुक्त, म्हणजे अबकारी खात्याचे ‘डीसी’, देतात. आपल्या बोलण्यात ‘डीसी ऑफिस’ म्हटले की माणूस थेट जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन उभा राहतो आणि अर्धा दिवस तिथेच घालवतो. अबकारी खात्याचे उपायुक्त वेगळे, त्यांचे कार्यालयही वेगळे. जिल्हाधिकाऱ्यांचा संबंध येतो तो मुख्यतः दारूबंदीच्या दिवसांचे आदेश काढण्यापुरता. ते पुढे सांगतो.

पहिला गैरसमज असा की, “आम्ही विकत नाही, पाहुण्यांना फुकट देतो, मग परवाना कशाला?” हा आधार टिकत नाही. एका माणसाने विनापरवाना जवळ बाळगायच्या दारूला मर्यादा आहे. ७५० मिलीच्या तीन बाटल्या त्या मर्यादेत जेमतेम बसतात, चौथी बसत नाही. लग्नातल्या काउंटरला तीन बाटल्या पहिल्या अर्ध्या तासालाही पुरत नाहीत. बरे, प्रत्येक पाहुण्याच्या नावे तीन-तीन बाटल्या धरून माल एकाच खोलीत रचला तर तो साठाच ठरतो. कारण तो साठा एका जागी, एका माणसाच्या ताब्यात असतो. शिवाय भाड्याने दिलेले लॉन किंवा कार्यालय म्हणजे कुणाचे घर नव्हे. परवाना नसलेल्या सार्वजनिक जागी दारू पिण्याबद्दल कायद्यात कलम १५अ आहे, विनापरवाना बाळगणे, नेणे, विकणे यासाठी कलम ३२ आहे, आणि जागा वापरू देणाऱ्यालाही यातून सुटका नाही. धाडीत आयोजकाच्या नावाबरोबर जागामालकाचेही नाव लागते ते यामुळेच. कार्यक्रम करणारे सकाळी निघून जातात, जागा मात्र तुमची असते. म्हणून मालकांनो, बुकिंगच्या पावतीवरच छापून घ्या : “सीएल-५ ची प्रत कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दाखवल्याशिवाय काउंटर लागणार नाही.” एवढ्या एका ओळीने निम्म्या अडचणी दारातच थांबतात.

तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाचे तर विचारूच नका. “प्रवेश ९९९, जेवण व ड्रिंक्ससह” असे छापले की दारूची किंमत तिकिटातच आली, म्हणजे ती विक्रीच. पोस्टरवर ब्रँडची नावे, ‘अनलिमिटेड’ असले शब्द आणि परवाना हातात नसताना जाहीर केलेली तारीख, हे तिन्ही टाळा. पोस्टर व्हॉट्सअॅपवर फिरते आणि खात्यातही पोचते. तुमच्या अर्जाच्या आधी तुमची जाहिरात त्यांच्या टेबलावर गेली, तर पुढचे बोलणे कठीण होते.

आता जागेचे. अर्ज भरण्यापूर्वी टेप घेऊन अंतरे मोजा. राज्याच्या परवान्यांच्या सर्वसाधारण अटींनुसार शाळा, मंदिर-मशीद-चर्च, दवाखाना, सरकारी कचेरी यांच्यापासून १०० मीटर ही कायम दारूदुकानांसाठीची मोजपट्टी आहे, आणि प्रासंगिक परवान्याची जागा पाहायला येणारा निरीक्षकही तीच नजर घेऊन येतो. खेड्यातले लॉन गावच्या देवळाला लागून असेल तर ते लपवू नका. आधीच दुसरी जागा धरा. दुसरी अडचण महामार्गाची. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे ३१ मार्च २०१७ रोजी २० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका-महानगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना हा निकाल आड येत नाही असे स्पष्ट केले. याचा अर्थ बेळगाव महापालिका किंवा निपाणी नगरपालिकेच्या हद्दीत बसणाऱ्या कार्यालयाची गोष्ट वेगळी आणि पुणे-बंगळूर महामार्गाला लागून शेतात उभारलेल्या लॉनची वेगळी. खानापूरवरून पणजीकडे जाणारा रस्ताही राष्ट्रीय महामार्गच आहे. हद्द कुठे संपते ते ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत विचारून लेखी घ्या. नकाशावर ‘महामार्गापासून जवळपास’ असे लिहिलेले चालत नाही. मीटर लिहा.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला बाजूच्या फार्महाऊसवाल्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. उताऱ्यावर जमीन शेतीचीच असेल, एनए झालेली नसेल, तर तिथे तिकीट लावून कार्यक्रम घेण्याचा प्रश्न दारूच्या आधी उभा राहतो. आणि भीमगड अभयारण्याच्या आसपास जागा असेल तर वनखात्याकडे आधी चौकशी करा. जंगलाच्या कडेला रात्री डीजे आणि झगमगाट हा त्यांच्या दृष्टीने स्वतंत्र विषय आहे, आणि तो रास्तही आहे.

अर्जाची वाट साधारण अशी. अर्ज उपायुक्तांच्या नावे, पण जागेचा अहवाल तुमच्या भागाच्या अबकारी निरीक्षकाकडून जातो. म्हणून पहिली भेट त्यांची घ्या, जागा दाखवा, आणि मग कागद लावा. आयोजकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, जागामालकाचे संमतिपत्र, जागेच्या मालकीचा उतारा किंवा पालिकेचा कागद, पोलिसांचे ना हरकत पत्र, अपेक्षित माणसांची संख्या, वेळ, मालाची अंदाजे यादी आणि जागेचा नकाशा. मांडव मोठा असेल तर अग्निशमन दलाचे पत्रही मागतात. अर्ज ज्याच्या नावे, तोच माणूस कार्यक्रमाच्या रात्री जागेवर हजर राहणार असला पाहिजे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या भावाच्या नावे अर्ज करून इथे चुलत्याने काउंटर सांभाळायचा, असे करू नका. तपासणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न “सनद कुणाच्या नावे?” हाच विचारतो.

नकाशा म्हणजे आर्किटेक्टचा आराखडा नको. ए-४ कागदावर हाताने काढलेला चालतो, पण त्यात आत येण्याची वाट, बाहेर पडण्याच्या दोन वाटा, काउंटरची जागा, साठ्याची कुलुपाची खोली, स्वयंपाकाचा गॅस आणि जनरेटर कुठे, लहान मुलांची जेवणाची पंगत कुठे, हे दाखवा. काउंटर आणि मुलांची पंगत एकमेकांपासून लांब दाखवलेला नकाशा पाहिला की निरीक्षकाचे निम्मे समाधान होते. काउंटरचा भाग कापडी कनात लावून वेगळा करा आणि तिथे येण्या-जाण्याची वाट एकच ठेवा. परवाना मिळतो तो त्या भागासाठी. ग्लास हातात घेऊन पार्किंगमध्ये, रस्त्याकडेला गेलेला पाहुणा परवान्याच्या बाहेर गेला.

पोलिसांचे पत्र बेळगाव शहर आयुक्तालयाच्या हद्दीत वेगळ्या कचेरीतून आणि बाकी जिल्ह्यात वेगळ्या कचेरीतून मिळते. तुमचे पोलीस ठाणे कुठल्या बाजूला मोडते ते आधी पाहा. शहराबाहेरची काही ठाणीही आयुक्तालयात येतात, तिथे लोक हटकून चुकतात. लाऊडस्पीकरची परवानगी ही याहून निराळी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद. दारूच्या परवान्यावर पुढची वेळ लिहिलेली असली तरी त्याने स्पीकरला मुभा मिळत नाही. शेजारच्यांची तक्रार येते ती बहुधा आवाजाची, आणि मग आलेली गाडी काउंटरही पाहून जाते.

शुल्क दिवसागणिक असते आणि ते चालू वर्षाच्या तक्त्याप्रमाणे घेतले जाते. इथे चालू वर्ष म्हणजे अबकारी वर्ष, १ जुलै ते ३० जून. गेल्या मे महिन्यात कुणी किती भरले यावर डिसेंबरचा अंदाज बांधू नका, आकडा खात्याकडूनच घ्या. पैसे सरकारी खजिन्यात चलनाने जातात, खजाने-२ या प्रणालीतून. राज्य अबकारीचे मुख्य लेखाशीर्ष ००३९ आहे. त्याखालचा उद्देश निवडताना चूक झाली तर पैसे जमा होतात पण तुमच्या अर्जाला जुळत नाहीत, आणि परतावा मिळवायला महिने जातात. चलन काढण्यापूर्वी कार्यालयातून उद्देशाचा नेमका शब्द लिहून घ्या. मध्यरात्र ओलांडणाऱ्या कार्यक्रमाबद्दल आधीच विचारा. ३१ डिसेंबरची रात्र १२ नंतर १ जानेवारी होते, आणि परवान्यावर कोणती वेळ छापली आहे तीच खरी.

कन्नड न वाचता सही करू नका. परवान्याच्या मागच्या बाजूला ‘षरत्तुगळु’ म्हणजे अटी असतात. ‘दास्तानु’ म्हणजे साठा, ‘माराट’ म्हणजे विक्री, ‘निराक्षेपणा पत्र’ म्हणजे ना हरकत पत्र. एवढे शब्द ओळखीचे झाले तरी कागद उलगडू लागतो. बाकीचे कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून ओळीने वाचून घ्या आणि काउंटरवरच्या पोरांना मराठीत लिहून द्या. अट मोडते ती बहुतेक वेळा ठाऊक नसल्यामुळे.

इथे अबकारी खात्याकडेही आमची मागणी आहे, आणि ती या पत्रातूनच करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येते. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासूनचे ठरलेले धोरण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागांत सीएल-५ च्या अटी आणि चालू शुल्काचा तक्ता कन्नडबरोबर मराठीतही कार्यालयाच्या फलकावर लागला, तर कायदा मोडणारे कमी होतील आणि महसूल वाढेल. अर्ज घेतल्याची तारखेची पोच मिळावी. आणि होकार असो की नकार, तो कार्यक्रमाच्या किमान तीन दिवस आधी लेखी कळावा. आदल्या संध्याकाळी मिळालेला परवाना लोकांना पुढच्या वेळी विनापरवान्याकडे ढकलतो.

तारखांचा विचार करताना पंचांगाबरोबर बंदोबस्ताचे कॅलेंडरही पाहा. २ ऑक्टोबरला तर दारू बंदच. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५क खाली कोरडे असतात, आणि मतमोजणीचा दिवसही बंद ठेवतात. हे फक्त विधानसभा-लोकसभेचे नाही. ग्रामपंचायत, पोटनिवडणूक, शिक्षक-पदवीधर मतदारसंघ यांचेही आदेश निघतात. आपण सीमेवर आहोत, म्हणून पलीकडे कागल, चंदगड, गडहिंग्लजला मतदान असले की अलीकडच्या सीमेलगतची दुकानेही बंद ठेवण्याचे आदेश येऊ शकतात. गणेश विसर्जन आणि बेळगावची चित्ररथाची शिवजयंती मिरवणूक या दिवशी अबकारी कायद्याच्या कलम २१ खाली दारू बंद ठेवण्याचे आदेश निघत आले आहेत. असा आदेश निघाला की तुमच्या हातातली सनद त्या वेळेपुरती निरुपयोगी. १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, शहरभर बंदोबस्त असतो. आणि डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले की पोलीस तिकडे गुंततात, पत्रे रेंगाळतात. ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमाचे पोलीस पत्र अधिवेशन सुरू होण्याआधीच मागून ठेवा. एकूण ३० दिवस आधी निरीक्षकाची भेट, २० दिवस आधी पूर्ण अर्ज, हा आमचा हिशेब आहे. खात्याने कमी दिवस सांगितले तरी तुम्ही एवढे धरा.

आता मालाचे, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

कर्नाटकात दारूचा घाऊक व्यवहार २००३ पासून राज्याच्या बेव्हरेजेस कॉर्पोरेशनकडून होतो. तिथून परवानाधारक दुकानात आणि तिथून तुमच्याकडे. कर भरलेल्या प्रत्येक बाटलीच्या झाकणावर अबकारी खात्याचे लेबल असते. तपासणीला आलेला माणूस बाटलीतले काय आहे ते नंतर बघतो, आधी झाकणावरचे लेबल आणि छापील ‘कुठे विक्रीसाठी’ ही ओळ बघतो. गोव्याची बाटली तिथेच ओळखू येते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या वाटेने स्वस्तात माल आणायचा मोह आपल्या भागात जुना आहे. दोन-चार हजार वाचवायला जाऊन गाडी, माल आणि कार्यक्रम तिन्ही जातात. सीएल-५ हातात असला तरी गोव्याचा किंवा महाराष्ट्राचा माल त्याखाली येत नाही. काजूची फेणी आणि उन्हाळ्यातला हुर्राक यांचेही तेच.

मिलिटरी कोट्याबद्दल वेगळे सांगायला हवे. बेळगाव हे मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव, घराघरांत माजी सैनिक. कॅन्टीनची रम घरात असणे साहजिक आहे, पण ती त्या सैनिकाच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. प्रेमाखातर चार मित्रांनी आपापला कोटा आणून काउंटरवर ठेवला की त्या बाटल्या तुमच्या बिलांत कुठेच बसत नाहीत, आणि अडचणीत येतो तो ज्याने आयुष्यभर नोकरी केली तो माणूस. असे त्याला अडचणीत घालू नका. हातभट्टीचा तर विषयच नको. कर्नाटकात साराई, म्हणजे पूर्वी सरकारी परवान्याने विकली जाणारी देशी दारू, सुद्धा १ जुलै २००७ पासून बंद आहे, आणि हातभट्टीत मिथेनॉल आले तर डोळे जातात, जीवही जातो. घरी केलेली द्राक्षाची वाईन नाताळच्या स्टॉलवर विकणे हेही परवान्याशिवाय चालत नाही.

किती माल लागेल याचा हिशेब आधीच करा, कारण यादीत नसलेला माल रात्री दहाला आणायची सोय नसते. उदाहरण घेऊ. २५० माणसांचा कार्यक्रम, त्यात पिणारे १००, वेळ चार तास. सरासरी माणशी तीन ग्लास किंवा पेग धरले तर एकूण ३००. त्यातले १८० बिअरचे. ६५० मिलीच्या बाटलीत दोन ग्लास होतात, म्हणजे ९० बाटल्या. १२ बाटल्यांची पेटी धरली तर साडेसात, म्हणून आठ पेट्या. त्या झाल्या ९६ बाटल्या, ६२.४ लिटर. उरले १२० पेग, ६० मिलीचे. ७५० मिलीच्या बाटलीत १२ पेग निघतात आणि ३० मिली सांडलवंडीला उरतात, म्हणजे १० बाटल्या, साडेसात लिटर. याच्यावर दहा टक्के वाढीव धरून यादी द्या, त्याहून जास्त नको. यादी फुगवली की निरीक्षक माणसांच्या संख्येशी ताडून बघतो. १८० मिलीच्या क्वार्टर घेऊ नका. ४८ क्वार्टरच्या पेटीत ८.६४ लिटर असते, १२ मोठ्या बाटल्यांच्या पेटीत ९ लिटर. क्वार्टर खिशात जाते, हिशेबातून गायब होते आणि मग रस्त्यावर सापडते. बर्फ माणशी अर्धा किलो धरा, २५० माणसांना १२५ किलो. बिअर नुसत्या बर्फात ठेवू नका. टबात बर्फाबरोबर पाणी घाला, बाटली चहूबाजूंनी भिजते आणि अर्ध्या-पाऊण तासात गार होते. पिण्याचे पाणी माणशी एक लिटर, ते काउंटरवरच ठेवा, लांब नको.

माल एकाच परवानाधारकाकडून, एकाच नावाने पक्क्या बिलावर घ्या. बिलावरचे नाव आणि सनदेवरचे नाव एक असले पाहिजे. दुकान ते जागा या वाटेत गाडीमध्ये बिल आणि सनदेची प्रत दोन्ही ठेवा, आणि वाटेत कुणाच्या घरी माल उतरवून ठेवू नका. दारूवर जीएसटी लागत नाही, ती घटनेनेच त्यातून बाहेर ठेवली आहे. म्हणून केटररच्या जेवणाच्या बिलात दारूची रक्कम मिसळू नका, नाहीतर दोन्हीकडचे हिशेब बिघडतात.

काउंटरवर कुपन पद्धत ठेवा, फुकट वाढणार असलात तरी. क्रमांक घातलेली कुपने, बिअरला एक रंग, पेगला दुसरा. मोजमापाचे माप, ३० आणि ६० मिलीचे, प्रत्येक वाढप्याकडे. हाताच्या अंदाजाने ओतलेला पेग ८० मिलीचा होतो, आणि १० बाटल्यांत १२० च्या जागी जेमतेम ९० पेग निघतात. मग नऊ वाजताच माल संपतो. ५० पिणाऱ्यांमागे एक वाढपी धरा. कमी ठेवले की गर्दी होते, आणि भांडण त्या गर्दीत सुरू होते.

वयाची अट २१ धरून चाला. १८ करण्याचा मसुदा जानेवारी २०२३ मध्ये निघाला होता, तो विरोधानंतर मागे घेतला गेला. दारात ओळखपत्र पाहून मनगटाला कागदी पट्टी बांधा, काउंटरवर पट्टीशिवाय कुपन चालवू नका. काउंटरवर काम करणारी पोरेही २१ च्या वरचीच हवीत. केटरर कॉलेजची मुले रोजावर आणतात, त्यांना जेवणाच्या बाजूला ठेवा. कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीला काउंटर लावूच नका, कारण निम्म्याहून अधिक मुले त्या वयाच्या आतली असतात.

परतीच्या वाटेचा खर्च बजेटमध्ये धरा. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जांबोटीकडून रात्री धुक्यात बेळगावला येणारा वळणांचा रस्ता कसा आहे ते तुम्ही जाणता. दोन टेंपो ट्रॅव्हलर ठरवा आणि निघायच्या वेळा पत्रिकेवरच छापा. काउंटर छापील वेळेच्या अर्धा तास आधी बंद करा, जेवण तेव्हा गरम असू द्या.

कार्यक्रम संपल्यावरचे काम पुष्कळजण विसरतात. रिकाम्या बाटल्या मोजा, त्या जमा कुपनांशी जुळवा. १२० पेगची कुपने असतील तर १० रिकाम्या बाटल्या निघायला हव्यात. रिकाम्या बाटल्यांची झाकणे व लेबले खराब करूनच भंगारात द्या, नाहीतर त्यांत नकली माल भरणारे असतात. आणि न फोडलेल्या बाटल्या लॉनच्या खोलीत पुढच्या लग्नासाठी ठेवू नका. परवान्याचा दिवस संपला की तो साठा विनापरवाना. माल घेतानाच दुकानदाराशी लेखी ठरवा की बंद बाटल्या परत घेण्याची रीत काय, खात्याची त्याला मान्यता कशी, आणि त्याच रात्री किंवा सकाळी खोली रिकामी करा. परवाना, चलन, पोलीस पत्र, मालाचे बिल, कुपनांची मोजणी आणि परतीची पावती यांची एक फाइल करून जागामालकाकडे प्रत ठेवा. पुढच्या वेळी त्याच जागेसाठी अर्ज करताना ती फाइल निरीक्षकासमोर ठेवता येते.

या मोसमात ज्यांच्या तारखा आधीच ठरल्या आहेत त्यांनी आजच वही उघडून बघावी. २० दिवसांपेक्षा कमी उरलेल्या कार्यक्रमांसाठी उद्या सकाळी निरीक्षकाची भेट घ्या, आणि ज्या जागेचे अंतर मोजलेले नाही तिथे टेप घेऊन जा.

आपले,
कार्यक्रमांच्या काउंटरची मांडणी व कागदपत्रे सांभाळणारे आम्ही काही जण,
बेळगाव, खानापूर व निपाणी